पोळी बंद करायच्या आधी

बरेच वीकएंड इथे काही लिहिलं नाही. या वेळी रिलीजला दोष देता येणार नाही. कारण आहे चिऊ.

चिऊ म्हणजे माझी भाची, ताईची मुलगी. वय वर्षं साडेतीन. मागच्या वर्षभरात तिची उंची आणि वजन दोन्ही जवळपास जागच्या जागी. हातपाय काडीसारखे आणि पोट मात्र नगाऱ्यासारखं. लोहाचं सिरप सहा महिने देऊनही हिमोग्लोबिन काही वर येईना. आणि सतत किरकिर. आधी जंत झाले, मग दात झाले, मग 'नजर लागली' झालं. शेवटी कुणीतरी फॅमिली ग्रुपवर टाकलं, "गहू बंद करून बघा, आमच्या शेजारच्या मुलाला फरक पडला." ताईने केला बंद. दहा दिवसांत पोट उतरलं, पोरगी हसायला लागली. घरात दिवाळी!

मग ताई हे सगळं सांगायला लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "पोळी परत सुरू करा. रोज थोडी तरी पोटात जायला हवी. एक-दीड महिन्याने रक्त तपासू. तोपर्यंत काही बंद करायचं नाही."

घरी स्फोट. ताईच्या सासूबाई (मी त्यांना काकू म्हणतो) म्हणाल्या, "ज्याने पोरीला त्रास होतो तेच तिला भरवायचं? हे कुठलं शास्त्र?"

मी आपला इंजिनिअर. मी म्हटलं, "काकू, आमच्यात पण असंच असतं. बग आधी परत घडवून दाखवायचा, मग फिक्स करायचा." काकूंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी उरलेला चहा मुकाट्याने प्यायलो.

पण प्रश्न डोक्यात राहिला. खरंच, हे कुठलं शास्त्र? रात्री वाचायला बसलो आणि वाचतच गेलो. हा लेख म्हणजे काकूंना द्यायचं राहून गेलेलं उत्तर आहे. थोडं लांबलंय, पण चहा घेऊन बसा.

या आजाराचं नाव सिलिॲक. ग्रीकमध्ये 'कोइलिया' म्हणजे पोट, त्यावरून आलेलं. कप्पाडोकियाचा अरेटिअस नावाच्या प्राचीन वैद्याने अन्न न पचणाऱ्या, खंगत जाणाऱ्या रुग्णांचं वर्णन करून ठेवलं होतं. पण आधुनिक गोष्ट सुरू होते लंडनमध्ये. ५ ऑक्टोबर १८८७ रोजी ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटच्या मुलांच्या हॉस्पिटलात सॅम्युअल जी नावाच्या डॉक्टरांनी व्याख्यान दिलं (आडनावच 'जी', आपलं आदरार्थी नव्हे). ते पुढच्या वर्षी छापलं गेलं. एक ते पाच वर्षांची मुलं, फुगलेलं पोट, फिकट आणि भरपूर शी, वाढ खुंटलेली. वाचताना वाटत होतं, माणूस चिऊला बघूनच लिहितोय.

जींनी एक फार मोलाची गोष्ट सांगितली, की हा आजार बरा होणार असेल तर तो आहारानेच होईल. एका मुलाला रोज क्वार्टभर, म्हणजे लिटरहून थोडे जास्त, डच शिंपले खायला दिले तर तो चांगला सुधारला. शिंपल्यांचा हंगाम संपला आणि पोर परत आजारी. पुढच्या हंगामात त्याने शिंपल्यांना तोंड लावायला साफ नकार दिला. (कोण लावेल?) पण गंमत पुढे आहे. जींनी ज्या गोष्टी वर्ज्य सांगितल्या त्यात भात होता, साबुदाणा होता. आणि ज्या चालतील म्हणून सांगितल्या त्यात पातळ कापून दोन्ही बाजूंनी खरपूस भाजलेला ब्रेड होता! म्हणजे निष्कर्ष बरोबर, 'आहार'. पण नेमका आरोपी ताटात आणि निरपराध बाहेर.

असं का व्हावं? मला वाटतं याचं उत्तर पुढच्या माणसात आहे. न्यूयॉर्कचे डॉ. सिडनी हास. १९२४ मध्ये त्यांनी दहा मुलांची हकीकत छापली. त्यातल्या आठ जणांना केळ्यांच्या आहारावर ठेवलं होतं, ती सुधारली. केळी भरपूर, आणि ब्रेड, बिस्किटं, बटाटे, सगळी धान्यं बंद. ही पद्धत पुढे कित्येक वर्षं चालली आणि तिने खरोखर मुलं वाचवली. हासनी एक निरीक्षणही नोंदवलं होतं: पोर्टो रिकोमध्ये ब्रेड खाणाऱ्या शहरी लोकांना स्प्रू नावाचा तसाच पोटाचा विकार होतो, आणि केळ्यांवर जगणाऱ्या शेतकऱ्यांना होत नाही. उत्तर त्याच वाक्यात पडलेलं होतं! पण हासनी दुसरं टोक पकडलं. त्यांना वाटलं, केळ्यात काहीतरी औषधी आहे.

मग व्हायचं काय? मूल केळ्यांवर सुधारायचं, 'बरं झालं' म्हणून घरी जायचं, आणि ब्रेड खायला लागायचं.

जरा थांबून बघा, आमच्या घरी काय झालं होतं? चिऊची पोळी बंद केली. पोळीबरोबर बिस्किटं गेली, बेकरीचं सगळं गेलं, नूडल्स गेल्या. शिवाय आजी दिवसभर मांडीवर घेऊन मऊ भात भरवत होत्या. पोट उतरलं. कशामुळे? गव्हातल्या प्रथिनामुळे? गव्हात असलेल्या आणि पोटात वायू करणाऱ्या साखरांमुळे? बेकरीचा कचरा गेल्यामुळे? की आपोआपच? एका कमिटमध्ये पाच बदल केले आणि बग गेला, तर कुठल्या बदलाने गेला ते सांगता येत नाही. हासही तिथेच अडकले होते.

हा गुंता सोडवला विलेम डिके नावाच्या डच डॉक्टरने. १९३६ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, हा माणूस हेगच्या युलियाना मुलांच्या हॉस्पिटलचा प्रमुख झाला. त्याची गोष्ट साधारण अशी सांगितली जाते: दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, जर्मनांनी पश्चिम नेदरलँड्सची रसद तोडली. भीषण दुष्काळ. लोक ट्युलिपचे कंद खाऊन जगले, सुमारे वीस हजार माणसं मेली. आणि त्या उपासमारीत, सगळी मुलं खंगत असताना, डिकेची सिलिॲकची मुलं सुधारली, कारण ब्रेडच नव्हता. ब्रेड परत आला आणि ती परत आजारी पडली. युरेका!

गोष्ट छान आहे, पण अर्धीच खरी. डिकेला गव्हाचा संशय तिसाच्या दशकातच आला होता. गव्हाशिवायचा आहार त्याने युद्धाआधीच देऊन पाहिला होता, आणि १९४१ मध्ये, म्हणजे त्या हिवाळ्याच्या तीन वर्षं आधी, त्यावर डच भाषेत लेखही लिहिला होता. दुष्काळाने त्याच्या संशयाला बळ दिलं, एवढंच. आणि मला सगळ्यात आवडलेला भाग तर दुष्काळानंतरचा आहे. डिकेला मुलं सुधारताना दिसली होती, दुष्काळात इतक्या मोठ्या प्रमाणावर दिसली होती. आपल्यासारखा माणूस इथेच थांबला असता. तो थांबला नाही. त्याला माहीत होतं की युद्धात ब्रेडबरोबर आणखी शंभर गोष्टी गायब झाल्या होत्या.

म्हणून त्याने उलट बाजूने सुरुवात केली. आधी मुलाला गव्हाशिवायच्या आहारावर स्थिर करायचं. मग एकेक धान्य परत द्यायचं आणि मोजायचं. काय मोजायचं? शी. होय, अक्षरशः. आतडं नीट काम करत नसेल तर खाल्लेली चरबी शोषली न जाता बाहेर पडते. व्हान डी कामर नावाच्या बायोकेमिस्टने शीमधली चरबी मोजायची सोपी पद्धत १९४९ मध्ये छापली होती. डिके, व्हान डी कामर आणि वेइयर्स हे डॉक्टर, असे तिघं मिळून मुलांची शी गोळा करून चरबीचे आकडे मांडत बसले. गहू दिला, चरबी वाढली. राय दिलं, वाढली. तांदूळ दिला, काही नाही. १९५० मध्ये डिकेने उत्रेख्तला यावर प्रबंध सादर केला. १९५२ मध्ये बर्मिंगहॅमच्या गटाने दाखवलं की गव्हातला स्टार्च निर्दोष आहे, त्रास ग्लूटेनचा आहे. (कणकेचा गोळा नळाखाली धुवत राहा, पांढरं पाणी वाहून जातं आणि हातात च्युइंगमसारखं चिकट काहीतरी उरतं, ते ग्लूटेन.)

जी ते डिके, साठहून अधिक वर्षं. इतकी वर्षं 'आहाराने फरक पडतो' हे ठाऊक होतं. कमी होती ती एकाच गोष्टीची, काढलेली वस्तू परत घालून बघायची.

पण 'गहू वाईट' कळणं वेगळं आणि 'या मुलाला सिलिॲक आहे' हे कळणं वेगळं. त्यासाठी आतड्यात डोकवायला हवं. १९५४ मध्ये इंग्लंडमध्ये पॉली यांनी पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत रुग्णांच्या लहान आतड्याचे तुकडे घेतले, आणि त्यात आतल्या अस्तराचं नुकसान दिसलं. निरोगी आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते, तिथे अन्न शोषलं जातं. सिलिॲकमध्ये ही लव झिजून सपाट होते. पण निदानासाठी प्रत्येक पोराचं पोट फाडणार का? १९५६ मध्ये मार्गॉट शायनर या बाईंनी तोंडावाटे नळी घालून आतड्याचा तुकडा घ्यायची युक्ती काढली. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या क्रॉस्बी आणि कुगलर यांनी एक कॅप्सूल बनवली. बारीक नळीला बांधलेली छोटी धातूची डबी, आत स्प्रिंगवर पातं. ती गिळायची, एक्सरेने जागेवर पोचली का बघायचं, बाहेरून हवा ओढली की अस्तर भोकात ओढलं जातं आणि खट्कन पातं फिरतं. हे साडेतीन वर्षांच्या मुलाने गिळायचं! तिचं चित्र बघून मी लॅपटॉप बंद केला आणि पाणी प्यायला उठलो.

आणि एकदा गिळून भागत नव्हतं. १९६९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या इंटरलाकेनला युरोपातले मुलांचे पोटविकारतज्ज्ञ जमले आणि त्यांनी नियम घातला: तीन बायोप्सी. पहिली, गहू चालू असताना: लव झिजलेली. दुसरी, गहू बंद केल्यानंतर: लव परत आलेली. आणि तिसरी, बरं झालेल्या मुलाला मुद्दाम परत गहू भरवून: लव पुन्हा झिजलेली. ही डिकेचीच पद्धत, फक्त शीच्या जागी आतड्याचा तुकडा. कठोर, पण शंका ठेवणारी नाही. एखाद्याला आयुष्यभर ब्रेड सोडायला सांगायचं तर खात्री हवी, हा त्यामागचा विचार.

तेव्हापासूनचा इतिहास म्हणजे हळूहळू मुलांचे हाल कमी करत नेण्याचा इतिहास आहे. पुढे कळलं की सिलिॲकमध्ये शरीर स्वतःच्याच ऊतींविरुद्ध अँटीबॉडी तयार करतं आणि त्या रक्तात सापडतात. त्या बघायला आधी माकडाच्या अन्ननलिकेचे काप वापरत, पुढे माणसाच्या नाळेचेही. १९९० मध्ये नियम सैल झाले, बहुतेक मुलांना एक बायोप्सी पुरेशी ठरली. १९९७ मध्ये बर्लिनमध्ये डीटेरिख, शुप्पान आणि सहकाऱ्यांनी त्या अँटीबॉडीचं लक्ष्य नेमकं शोधून काढलं, टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज नावाचं एन्झाइम. आज लॅबच्या रिपोर्टवर 'टीटीजी-आयजीए' लिहिलेलं असतं ते हेच. त्याच्याबरोबर एकूण आयजीएही मोजतात, कारण काही मुलांत आयजीएच बनत नाही, आणि मग टीटीजी खोटंच नॉर्मल येतं. २०१२ मध्ये युरोपियन तज्ज्ञांनी सांगितलं की टीटीजी नॉर्मल मर्यादेच्या दहापट असेल आणि इतर काही अटी पुऱ्या होत असतील तर बायोप्सीशिवाय निदान करता येईल. २०२० मध्ये त्यातल्याही काही अटी गळल्या. आता दहापट टीटीजी आणि वेगळ्या वेळी घेतलेल्या रक्तात दुसरी अँटीबॉडी, एवढ्यावर काम भागू शकतं.

शी, शस्त्रक्रिया, नळी, कॅप्सूल, तीन बायोप्सी, एक बायोप्सी, आणि आता नशीब बरं असेल तर रक्ताच्या दोन बाटल्या. सत्तर वर्षांत एवढं बदललं.

एकच अट मात्र बदलली नाही. टेस्टच्या वेळी मूल गहू खात असायला हवं.

कारण सरळ आहे. अँटीबॉडी ग्लूटेन येत असतं म्हणून बनतात. ग्लूटेन बंद झालं की त्या काही महिन्यांत उतरतात. लवही परत उगवायला लागते. मग टेस्ट केली तर रिपोर्ट नॉर्मल, आणि त्या 'नॉर्मल'ला काडीचा अर्थ नाही. चिऊचे दहाच दिवस गेले होते म्हणून निभावलं. आम्ही तसेच सहा महिने चालवून मग टेस्टला गेलो असतो तर? मग खात्री करायला तिला परत काही आठवडे किंवा महिने गहू भरवून आजारी पाडावं लागलं असतं. आणि पाच वर्षांखालच्या मुलांना हे शक्यतो करू नये, असं २०१२ च्या त्याच नियमांत सांगितलंय. म्हणजे 'आहे की नाही' हा प्रश्न दीड वर्ष तसाच लोंबकळला असता.

"मग राहू दे ना, गहू बंदच ठेवू, टेस्ट कशाला?" हा भावोजींचा प्रश्न. त्याचं उत्तर असं, की सिलिॲक असेल तर 'साधारण बंद' चालत नाही. आयुष्यभर, कणाकणाने बंद. आपल्या स्वयंपाकघरात ते किती अवघड आहे हे मला आत्ता कळलं. बांधणीच्या हिंगात मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं. मेतकुटात गहू. थालीपिठाच्या भाजणीत गहू. गिरणीत गव्हावर ज्वारी दळली तर ती ज्वारीही गेली. लग्नात, शाळेच्या डब्यात, ट्रिपला, प्रत्येक ठिकाणी विचारत बसायचं. एवढं सगळं 'बहुधा असेल' म्हणून कुणी जन्मभर पाळत नाही. आणि नसेलच, तर एका मुलीला उगाच जन्माची शिक्षा, आणि वाढ खुंटण्याचं खरं कारण शोधायचं राहिलं ते वेगळंच.

एक समजूत माझीही होती, की हे गोऱ्या लोकांचं दुखणं. तसं नाही. उत्तर भारतातल्या मुलांमधल्या सिलिॲकवर वालिया आणि सहकाऱ्यांचा लेख 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये १९६६ सालीच आलाय. २०१६ च्या एका पाहणीत उत्तर भारतात हजारी साधारण साडेआठ माणसांना सिलिॲक सापडला, ईशान्येत साडेचार, दक्षिणेत जेमतेम ०.१. लागणारी जनुकं तिन्हीकडे साधारण सारख्याच प्रमाणात, प्रत्येकी तीनातल्या एकाकडे. (आणि ती असलेले बहुतेक लोक जन्मभर मजेत पोळ्या खातात.) मोठा फरक होता तो गव्हात. उत्तरेत माणशी रोज ४५५ ग्रॅम, दक्षिणेत २५ ग्रॅम. आता आपलं बघा. काकूंच्या लहानपणी त्यांच्या घरी भाकरी रोजची आणि पोळी सणाची. चिऊचा दिवस गव्हाच्या सत्त्वाने सुरू झाला आणि बिस्किटावर संपला. दोन पिढ्यांत आमचं ताट दक्षिणेकडून उत्तरेला गेलं.

हे सगळं मी काकूंना सांगितलं, तुकड्या-तुकड्याने, शिंपल्यांपासून. त्या भाजी निवडत ऐकत होत्या. शिंपल्यांना हसल्या, कॅप्सूलला "अगं बाई" म्हणाल्या. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे पोरीला त्रास द्यायला नाही, एकदाच काय ते कळावं म्हणून." एवढंच. माझ्या दोन हजार शब्दांचं एक वाक्य :-)

त्यानंतर रोज संध्याकाळी त्यांनीच चिऊला तूप-साखर लावलेली अर्धी पोळी भरवली. पोट परत फुगलं, किरकिर परत आली. काकू रात्री तिचं पोट चोळत बसायच्या. संक्रांतीला गुळाची पोळी केली तेव्हा चिऊने दोन मागितल्या. काकूंनी दिल्या आणि आत निघून गेल्या.

रक्ताचा रिपोर्ट परवा आला. टीटीजी नॉर्मलच्या चौपट. म्हणजे संशय पक्का, पण दहापट नाही, त्यामुळे एंडोस्कोपी करावी लागणार. मंगळवारी सकाळी आहे. भूल देऊन करतात, तिला काही कळणार नाही म्हणे. कॅप्सूल नाही, पातं नाही. मार्गॉट शायनरबाईंचे मनापासून आभार.

ताईने गिरणीवाल्याकडे चौकशी करून ठेवलीय, आठवड्यातून एक दिवस सकाळी पहिली ज्वारी दळून देशील का म्हणून. काकूंनी घरातली हिंगाची डबी उचलून वर ठेवलीय. निकाल लागायच्या आधीच दोघी कामाला लागल्यात.

पण पोळी अजून चालू आहे. मंगळवारपर्यंत.

असो. तुमच्या घरात, शेजारी, ग्रुपवर कुणी "गहू बंद करून बघा" म्हणालं, तर आधी रक्त तपासून घ्या. मग हवं ते बंद करा.